ऑस्करआधीची साठ वर्षं: पेगी ॲशक्रॉफ्ट यांची कारकीर्द समजून घेताना

२५ मार्च १९८५ रोजी लॉस एंजेलिसच्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री म्हणून पेगी ॲशक्रॉफ्ट यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा बाई सभागृहात नव्हत्या. त्यांच्या वतीने अँजेला लॅन्सबरी यांनी तो पुरस्कार घेतला. ॲशक्रॉफ्ट तेव्हा ७७ वर्षांच्या होत्या. या विभागात इतक्या वयात ऑस्कर मिळवलेली दुसरी अभिनेत्री अजून झालेली नाही.

चित्रपट होता डेव्हिड लीन यांचा 'अ पॅसेज टू इंडिया' आणि भूमिका मिसेस मूर यांची. मुलाला भेटायला मुंबईच्या बंदरात उतरणारी, चांदण्या रात्री मशिदीत डॉ. अझीझशी मनापासून बोलणारी, गुहेतल्या घुमणाऱ्या आवाजाने आतून हादरलेली आणि परतीच्या प्रवासात जहाजावरच मरण पावणारी म्हातारी. आपल्याकडे बहुतेकांनी ॲशक्रॉफ्टबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते या रूपात. त्यामुळे 'उतारवयात नशीब उघडलेली एक गोड आजी' अशी त्यांची प्रतिमा सहज तयार होते. ती मला फार खटकते. बाई १९२६ पासून रंगभूमीवर उभ्या होत्या, आणि विसाव्या शतकात इंग्लंडच्या रंगभूमीवर जे जे मोठं घडलं त्यातल्या बहुतेक ठिकाणी त्या हजर होत्या. नुसत्या हजर नव्हे, त्यातल्या काही गोष्टी त्यांच्या होकारावाचून कदाचित घडल्याही नसत्या.

हे कसं, ते कळायला आधी तिथल्या नाट्यव्यवसायाची रचना कळावी लागते.

लंडनचा वेस्ट एंड म्हणजे व्यावसायिक नाटकांचा भाग. आपल्याकडे शिवाजी मंदिरला दुपारी एक नाटक असतं, रात्री दुसरं. नाटक गावोगाव फिरतं आणि एकच नट एकाच वेळी दोन-तीन नाटकांत असतो. वेस्ट एंडमध्ये तसं चालत नाही. एक नाट्यगृह एका नाटकाला दिलं की प्रेक्षक येत राहतील तोवर तिथे तेच नाटक, आठवड्याला आठ प्रयोग. नाटक चाललं तर नटाला वर्षभर काम मिळतं, पण ते एकाच भूमिकेचं. नाटक पडलं तर पंधरा दिवसांत सगळे घरी. दर वेळी नवा निर्माता, नवा संच. नट म्हणून वाढायला ही व्यवस्था फारशी उपयोगाची नाही, कारण रोज तेच वाक्य म्हणताना हात सफाईदार होतो, पण कक्षा रुंदावत नाही.

दुसरी वाट रेपर्टरी थिएटरची. गावाचं स्वतःचं नाट्यगृह, तिथे ठरलेला नटसंच आणि दर काही दिवसांनी नवं नाटक. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग. पैसे थोडे, कष्ट फार, आणि शिकायला भरपूर. बॅरी जॅक्सन यांनी १९१३ मध्ये उभारलेलं बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटर हे त्यातलं नावाजलेलं. पेगी ॲशक्रॉफ्ट यांचं व्यावसायिक पदार्पण इथलंच, वयाच्या अठराव्या वर्षी, राल्फ रिचर्डसन यांच्याबरोबर.

त्याआधीचं थोडक्यात सांगायचं तर जन्म २२ डिसेंबर १९०७ चा, लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉयडनमधला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आई हौशी नटी. सोळाव्या वर्षी पेगी एल्सी फोगर्टी यांच्या सेंट्रल स्कूलमध्ये दाखल झाल्या. हे नाट्यशिक्षणाचे वर्ग तेव्हा रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरत. लॉरेन्स ऑलिव्हिए तिथले सहाध्यायी. फोगर्टीबाईंचा सगळा भर उच्चार आणि आवाज यांवर. पेगींना मात्र ते अपुरं वाटे. त्यांच्या हाती रशियन नाट्यदिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्की यांचं आत्मचरित्र लागलं होतं आणि त्यातली एक कल्पना त्यांच्या डोक्यात पक्की बसली: चांगलं नाटक एकट्या नटाने होत नाही, वर्षानुवर्षं एकत्र काम करणाऱ्या संचाने होतं. मॉस्कोत असा संच होता. लंडनमध्ये नव्हता. पुढची चाळीस वर्षं ही बाई या ना त्या रूपात तो संच शोधत राहिली, असं मी म्हणेन. त्यांच्या वरवर विस्कळीत वाटणाऱ्या कारकिर्दीचा धागा हाच आहे.

१९३० मध्ये सॅव्हॉय थिएटरमध्ये 'ऑथेल्लो' झालं. हेच नाटक देवलांच्या 'झुंझारराव'मधून मराठी प्रेक्षकांना जुनं परिचयाचं. ऑथेल्लोच्या भूमिकेत पॉल रोबसन हे कृष्णवर्णीय अमेरिकन गायक-नट आणि डेस्डिमोनाच्या भूमिकेत बावीस वर्षांच्या ॲशक्रॉफ्ट. गोऱ्या नटीचं कृष्णवर्णीय नटाने रंगमंचावर चुंबन घ्यावं, ही गोष्ट त्या काळच्या लंडनमध्ये अनेकांना सहन झाली नाही. बाईंना द्वेषाने भरलेली पत्रं आली. ज्या नाट्यगृहात रोबसन रोज नायक म्हणून टाळ्या घेत, त्याच्या शेजारच्या आलिशान हॉटेलात त्यांचं स्वागत होईल याची खात्री नव्हती. अन्यायाविषयीची आपली जाण या अनुभवाने जागी झाली असं बाई पुढे सांगत, आणि आयुष्यभर अनेक सामाजिक-राजकीय प्रश्नांवर त्या उघड भूमिका घेत राहिल्या.

मग ओल्ड व्हिक. थेम्सच्या दक्षिणेला, कामकरी वस्तीतलं हे नाट्यगृह लिलियन बेलिस नावाची एक विलक्षण बाई चालवत असे. तिकीट स्वस्त, नटांचा पगार जेमतेम, आणि नाटकं शेक्सपिअरची. १९३२-३३ च्या एकाच हंगामात ॲशक्रॉफ्ट यांनी इथे इमोजेन, रोझलिंड, पोर्शिया, पर्डिटा, ज्युलिएट, मिरांडा अशा भूमिका एकामागून एक केल्या. वेस्ट एंडच्या नटीला ज्या यायला वीस वर्षं लागली असती, त्या दहा महिन्यांत. मधल्या काळात समीक्षकांनी त्यांना बरंच झोडपलंही, आणि ते साहजिकच होतं. इतक्या वेगाने नव्या भूमिका उभ्या करताना सगळ्याच पक्क्या होत नाहीत. पण पाया तिथे घातला गेला.

इथे 'अभिजात नटी' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ब्रिटिश रंगभूमीविषयी वाचताना हा शब्द सतत येतो. शेक्सपिअरची नाटकं बरीचशी निर्यमक पद्यात आहेत, साधारण दहा अक्षरांची एक ओळ. जुने नट हे पद्य गात, त्यामुळे लय टिके पण अर्थ हरवे. नव्या नटांनी ते रोजच्या बोलण्यासारखं तोडलं, तेव्हा अर्थ आला आणि लय गेली. दोन्ही सांभाळणं म्हणजे खरी कसोटी. ॲशक्रॉफ्ट यांची ताकद अशी की त्यांच्या तोंडी ओळ पाठ केलेली वाटत नाही; विचार आत्ताच सुचला आणि सुचताना त्याने आपसूक ते रूप घेतलं, असं वाटतं.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण १९३५ चं 'रोमिओ अँड ज्युलिएट'. न्यू थिएटरमध्ये जॉन गिलगुड यांनी हे नाटक बसवलं आणि एक अनोखी युक्ती केली. आधी ऑलिव्हिए रोमिओ आणि गिलगुड मर्क्युशिओ. काही आठवड्यांनी अदलाबदल. गिलगुड म्हणजे पद्याचं संगीत. ऑलिव्हिए म्हणजे धग, शरीर, उतावीळपणा. त्यांच्या पद्य म्हणण्यावर टीकाही झाली. लंडनभर दोन रोमिओंची तुलना चालली. आजही या प्रयोगाविषयी लिहिताना सगळे त्या दोघांबद्दलच लिहितात. पण ज्युलिएट एकच होती. दोन टोकांच्या नायकांसमोर तीच ओळ, तोच प्रसंग, आणि प्रत्येकाशी खरं वागायचं. मला त्या नाटकातलं अवघड काम तिचं वाटतं. याच संचात औषधविक्याच्या छोट्याशा भूमिकेत ॲलेक गिनेस नावाचा एक तरुण होता. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊच.

१९३७-३८ मध्ये गिलगुड यांनी क्वीन्स थिएटरमध्ये स्वतःच्या हिमतीवर एक हंगामभर संच एकत्र ठेवला: चार नाटकं, तेच नट, लांब तालमी. चेकॉव्हचं 'थ्री सिस्टर्स' मिशेल सँ-दनी यांनी बसवलं, त्यात ॲशक्रॉफ्ट इरिना झाल्या. त्यांच्या मनातल्या संचाची ही पहिली चुणूक. पण खाजगी पैशावर असा संच टिकत नाही. भरलेलं नाटक चार-सहा आठवड्यांनी उतरवून दुसरं लावायचं, म्हणजे चालता धंदा आपल्या हाताने थांबवायचा. त्यासाठी तोटा सोसणारं कुणीतरी मागे लागतं.

ते 'कुणीतरी' युद्धाने पुढे आणलं. लोकांचं मनोधैर्य टिकावं म्हणून १९४० मध्ये कलांना सरकारी मदत देणारी समिती निघाली आणि १९४६ मध्ये तिचं आर्ट्स कौन्सिल झालं. करदात्याच्या पैशातून नाटकाला नियमित अनुदान, ही कल्पना इंग्लंडमध्ये तिथून रुजली. रॉयल शेक्सपिअर कंपनी, नॅशनल थिएटर हे सगळं तिच्या आधाराने उभं राहिलं.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, जरी त्यात यशाची कमतरता नाही. १९४९ चं 'द एअरेस', १९५२ मध्ये 'द डीप ब्लू सी'मधली आत्महत्येच्या काठावरची हेस्टर, १९५३ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, मायकेल रेडग्रेव्ह यांच्या अँटनीबरोबर क्लिओपात्रा, १९५४ मध्ये नॉर्वेच्या इब्सेनचं 'हेडा गॅब्लर', ज्यासाठी नॉर्वेच्या राजाने सुवर्णपदक दिलं. १९५६ मध्ये 'डेम' हा किताब मिळाला. पुरुषांना 'सर' असतो तसा स्त्रियांना हा. तीन लग्नं झाली, तिन्ही मोडली, दोन मुलं. वेस्ट एंडच्या मोठ्या नटीला साजेशी ही सगळी वाटचाल. बाई अशाच थांबल्या असत्या तर त्यांचं नाव इतिहासात राहिलं असतं, पण मी हा लेख लिहिला नसता.

डेम झाल्या त्याच वर्षी त्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकात उभ्या राहिल्या. नव्या, बंडखोर लेखकांसाठी जॉर्ज डिव्हाइन यांनी तिथे नुकतीच कंपनी काढली होती. प्रयोग फारसा जमला नाही. तरी प्रस्थापित नटीने प्रस्थापितांना धक्का देऊ पाहणाऱ्यांच्या दारात स्वतःहून जाणं, याचं मोल प्रयोगाच्या यशावर अवलंबून नाही.

आणि मग पीटर हॉल. तिशीही न गाठलेला हा दिग्दर्शक स्ट्रॅटफर्डचं नाट्यगृह हाती घेत होता. तोवर तिथे उन्हाळ्यापुरता महोत्सव असे. नट यायचे, एक हंगाम करायचे, जायचे. हॉल यांना कायमची कंपनी हवी होती. नटांशी तीन-तीन वर्षांचे करार, लंडनमध्ये दुसरं नाट्यगृह, शेक्सपिअरबरोबर आजचे लेखक. पैशाची हमी नव्हती, विरोध भरपूर होता. त्यांनी अगदी सुरुवातीला ज्यांना विचारलं त्यात ॲशक्रॉफ्ट होत्या, आणि बाईंनी हो म्हटलं. त्यांच्यासारख्या नटीला अशा करारात काय मिळणार होतं? वेस्ट एंडपेक्षा कमी पैसा आणि इतरांबरोबर वाटून घ्यायची प्रसिद्धी. पण 'पेगी ॲशक्रॉफ्ट आहेत' म्हटल्यावर इतरांना धीर आला. १९६० मध्ये स्ट्रॅटफर्डला त्यांनी कॅटरिना केली, म्हणजे केळकरांच्या नाटकामुळे आपण जिला त्राटिका म्हणून ओळखतो ती. समोर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे पीटर ओटूल, आणि बाई बावन्नच्या. डिसेंबरमध्ये लंडनच्या ऑल्डविच थिएटरात 'द डचेस ऑफ माल्फी' घेऊन नव्या घराचं दार उघडलं तेही त्यांनीच. मार्च १९६१ मध्ये कंपनीला रॉयल शेक्सपिअर कंपनी हे नाव मिळालं.

या कंपनीने दिलेलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे १९६३ चं 'द वॉर्स ऑफ द रोझेस'. शेक्सपिअरच्या 'हेन्री सहावा'चे तीन भाग आणि 'रिचर्ड तिसरा' यांना काटछाट करून जॉन बार्टन यांनी त्यांची तीन सलग नाटकं केली. गरज पडली तिथे स्वतः ओळीही लिहिल्या. काही दिवशी तिन्ही नाटकं सकाळपासून रात्रीपर्यंत एकापाठोपाठ होत. या चारही मूळ नाटकांत येणारी एक स्त्री आहे, राणी मार्गारेट. सुरुवातीला ती युद्धात पकडलेली कोवळी फ्रेंच राजकन्या असते. मग दुबळ्या राजाची महत्त्वाकांक्षी बायको. मग चिलखत घालून फौज चालवणारी. शेवटी मुलगा, नवरा, राज्य सगळं गमावून शिव्याशाप देत फिरणारी वेडसर म्हातारी. ॲशक्रॉफ्ट तेव्हा पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांनी विशीपासून सत्तरीपर्यंतची ती सगळी वयं एका दिवसात उभी केली.

त्यातला एक प्रसंग सांगायलाच हवा. पकडलेल्या शत्रूला, म्हणजे यॉर्कला, मार्गारेट कागदाचा मुकुट घालते आणि त्याच्याच लहान मुलाच्या रक्तात भिजवलेला रुमाल तोंड पुसायला देते. कुणीही नटी इथे राक्षसीण होऊन टाळ्या घेईल. ॲशक्रॉफ्ट हसतात, पण त्या हसण्यात मध्येच काहीतरी अडकतं. आपण काय करतोय हे तिला क्षणभर कळतं आणि थांबता येत नाही, असं दिसतं. यॉर्क झालेले डोनाल्ड सिंडन तेवढेच समर्थ आहेत. असा प्रसंग दोन पाहुण्या नटांना जमत नाही. महिनोन्महिने एकत्र काढलेल्या नटांनाच एकमेकांना इतकं दुखवता येतं. अनुदान, करार, कायमचा संच या रुक्ष गोष्टींनी प्रेक्षकाला काय दिलं, याचं उत्तर मला इथे मिळतं.

१९६४ मध्ये आणखी एक सुंदर गोष्ट घडली. चेकॉव्हच्या 'द सीगल'मध्ये तरुण नटी होऊ पाहणारी नीना आहे आणि प्रौढ, नाव कमावलेली आर्काडिना. १९३६ मध्ये ॲशक्रॉफ्ट नीना होत्या आणि आर्काडिना होत्या इडिथ इव्हान्स. अठ्ठावीस वर्षांनी ॲशक्रॉफ्ट आर्काडिना झाल्या आणि नीना झाल्या व्हनेसा रेडग्रेव्ह, म्हणजे १९५३ मध्ये त्यांचे अँटनी झालेल्या मायकेल रेडग्रेव्ह यांची मुलगी. इंग्लंडच्या रंगभूमीवर विद्या अशी हातातून हातात जाते.

पुढे त्यांनी पिंटर, ड्यूरास या नव्या नाटककारांची नाटकं केली. बेकेटच्या 'हॅपी डेज'मध्ये कमरेपर्यंत आणि नंतर मानेपर्यंत मातीत गाडलेली विनी केली. १९७६ मध्ये नॅशनल थिएटरची थेम्सकाठची नवी इमारत उघडली तेव्हा तिथे झालेल्या अगदी पहिल्या नाटकांत हे एक होतं. साठी ओलांडल्यावर बहुतेक नट ओळखीच्या भूमिकांकडे वळतात. बाई अनोळखी लेखकांकडे वळल्या.

मग चित्रपट इतके थोडे का? संधी नव्हती असं नाही. १९३५ मध्येच हिचकॉक यांच्या 'द थर्टी नाइन स्टेप्स'मध्ये संशयी नवऱ्याच्या धाकात जगणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोची काही मिनिटांची भूमिका त्यांनी केली. एक अनोळखी माणूस शहरातल्या गोष्टी सांगतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर येणारी भूक अजून विसरवत नाही. पण चित्रपटात काम तुकड्यांत होतं, तालीम नसते, संच रोज बदलतो. त्यांना हवं होतं त्याच्या बरोबर उलट. कंपनीच्या करारात अडकलेल्या नटीला महिनोन्महिने चित्रीकरणाला जाणंही सोपं नव्हतं.

म्हणून शेवटचा रंगमंचावरचा हंगाम झाल्यावर, १९८१-८२ मध्ये 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'मधली काउंटेस केल्यावर, कॅमेऱ्याला त्या खऱ्या अर्थाने मिळाल्या. आणि दोन्ही मोठी कामं भारताशी जोडलेली. १९८४ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनची 'द ज्वेल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका आली. पॉल स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरची, ब्रिटिश राजवटीच्या शेवटच्या वर्षांची. त्यात बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका त्यांनी केली. ही बाई सतत बोलत असते, कारण गप्प झाली तर आपलं कुणीच नाही हे तिला ऐकू येईल. शेवटी तिची वाचा जाते.

मिसेस मूर याच्या उलट आहेत. त्या हळूहळू बोलणं सोडतात. दोघी एकटेपणाच्या, दोघींचा देवावरचा विश्वास भारतात डळमळतो, आणि तरी एकीची सावलीही दुसरीवर पडत नाही. लीन यांच्या चित्रपटात प्राध्यापक गोडबोले झाले आहेत ॲलेक गिनेस, १९३५ चा तो औषधविक्या. चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला तिच्यातले गोडबोले दख्खनी ब्राह्मण, तुकोबांचं नाव घेऊन नाचणारे. चेहरा रंगवून इंग्रज नटाने ते करावेत हे तेव्हाही अनेकांना पटलं नाही आणि मलाही पटत नाही. पण रेल्वे स्थानकावर मूरबाईंना निरोप देताना गोडबोले हात जोडतात, त्या क्षणी दोन नटांची पन्नास वर्षांची ओळख तिथे काम करत असते, हेही खरं.

१९८८ मध्ये 'मादाम सुसात्स्का'त शबाना आझमींबरोबर त्या दिसल्या. १९८९ च्या 'शीज बीन अवे'साठी व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना आणि जेराल्डिन जेम्स यांना मिळून देण्यात आला. जेम्स म्हणजे 'गांधी'तल्या मीराबेन, आणि 'ज्वेल'मधल्या त्यांच्या सहकारी. दिग्दर्शक पीटर हॉल. ऐंशी ओलांडल्यावरही बाई आपल्या माणसांबरोबरच काम करत होत्या. १४ जून १९९१ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. क्रॉयडनमध्ये १९६२ पासून त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

त्यांचं काम आज पाहायचं असेल तर 'पॅसेज'पासून सुरुवात करू नका. बीबीसीने १९६५ मध्ये दाखवलेलं 'द वॉर्स ऑफ द रोझेस'चं चित्रण डीव्हीडीवर मिळतं. कृष्णधवल आहे, लांबलचक आहे, इंग्रजी जुनं आहे. तरी मार्गारेट आणि यॉर्कचा तो प्रसंग तेवढा आधी पाहा, मग 'ज्वेल'मधले बार्बीचे भाग, आणि त्यानंतर मिसेस मूर.